सहाला जेवायला या

माझा नवरा अजय याला कोणाची काळजी वाटायला लागली की तो एक्सेल उघडतो. लग्नाआधी मला आठवडाभर ताप होता, तेव्हा त्याने त्या तापाचा आलेख काढून मला पाठवला होता आणि मी मूर्ख, त्यावर भाळले होते. त्यामुळे यमुनाआत्यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही असा संशय त्याला आला, तेव्हा तो त्यांच्या घरी, लेस्टरला, गेला नाही. त्याने नवी शीट केली. रकाने चार: तारीख, वेळ, प्रसंग आणि गांभीर्य. गांभीर्याचे रंग तीन, हिरवा, पिवळा, तांबडा. आम्ही राहतो त्या ब्रॅकनेलला त्याच्या ऑफिसात प्रत्येक प्रोजेक्टला हेच तीन रंग देतात, आणि तिथला प्रत्येक प्रोजेक्ट वर्षानुवर्षं पिवळाच असतो.

यमुनाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी. लग्न होऊन त्या आफ्रिकेत, दार-एस-सलामला गेल्या. तिथे बावीस वर्षं सुईण म्हणून काम केलं, मग यजमानांबरोबर इंग्लंडात, लेस्टरला आल्या आणि इथल्या हॉस्पिटलात पुन्हा बावीस वर्षं तेच काम केलं. दोन खंडांतली काही हजार माणसं आयुष्यातलं पहिलं रडू आत्यांच्या हातात रडली आहेत. त्यांना स्वतःचं मूल नाही, यजमान जाऊन पंधरा वर्षं झाली. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या खाली, दोन वर असं त्यांचं घर आहे. आणि या देशात रक्ताचं माणूस एकच, अजय. म्हणजे तशा त्या एकट्याच.

जूनमध्ये त्या जिन्यात पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, सकाळ-संध्याकाळ येऊन मदत करायला एक केअरर लावून दिली. आम्हीही ताबडतोब धावून गेलो, तीन आठवड्यांनी. स्वयंपाकघरात केअररने भरायची एक फाइल होती. त्यात रोजच्या नोंदीखाली सही म्हणून नुसतं इंग्रजी झेड. "झोई असेल," अजय म्हणाला, आणि तेव्हापासून आमच्या घरी ती झोईच झाली. तिला आम्ही पाहिलं मात्र नव्हतं. ती सोमवार ते शनिवार यायची आणि आम्ही जायचो रविवारी, महिन्या-दीड महिन्यातून एकदा, तेही एम वन हायवेवर रस्त्याचं काम चालू नसेल तर.

शीटमधली पहिली नोंद ऑगस्टची. शनिवारी सकाळी नऊ वाजता अजयने फोन केला.

"आत्या, काय म्हणतेस? ब्रेकफास्ट झाला का?"

"केव्हाच. तीन वाजले की रे."

अजयने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि फोन ठेवल्यावर लगेच लॅपटॉप उघडला. पंधरा दिवसांनी त्याने संध्याकाळी पाचला फोन केला तर आत्या म्हणाल्या, अकरा वाजत आले, आता चहा टाकते. ही दुसरी नोंद. मग महिन्याअखेरीला आम्ही गेलो तर स्वयंपाकघरातलं घड्याळ सहा तास चुकलेलं. अजयने स्टूल घेतलं, घड्याळ काढलं, काटे फिरवले, परत टांगलं. पुढच्या खेपेला ते पुन्हा चुकलेलं. त्याने ऑनलाइन नवंकोरं घड्याळ मागवून तिथे लावलं, तर तेही चुकायला लागलं, आणि अगदी तेवढंच. अजयच्या मते आजार बळावत होता. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ मात्र कायम बरोबर असायचं, पण बरोबर असलेल्या गोष्टीला आमच्या शीटमध्ये रकाना नव्हता.

मग फ्रिजवरचा कागद. वेड्यावाकड्या अक्षरात, एकाखाली एक, सहा शब्द: अल्फाजिरी, असुबुही, म्चाना, अलासिरी, जिओनी, उसिकू. काहींच्या पुढे 'पांढरी', 'अर्धी', 'गुलाबी' असंही लिहिलेलं. अजयने त्याचा फोटो काढला आणि नोंद केली, 'कोणत्याही भाषेत नसलेले शब्द लिहिते. अक्षर बिघडलं आहे.' अक्षर बिघडलं होतं कारण उजवा हात प्लास्टरमध्ये असताना ते डाव्या हाताने लिहिलेलं होतं, पण एवढं डोकं चालवायला आम्हाला वेळ नव्हता. जगातल्या सगळ्या भाषा मिळून तीन आहेत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी, यावर आम्हा पुण्याच्या लोकांचं एकमत आहे.

सहावी नोंद तांबडी होती. 'झुहुरा नावाच्या बाईशी तासन्‌तास गप्पा मारल्या म्हणते. रविवारीही आली होती म्हणते. केअरर रविवारी येत नाही, आणि केअररचं नाव झोई आहे. काल्पनिक व्यक्ती.'

सातवी नोंद माझी. ती मी स्वतःच्या हाताने टाइप केली, एम वनवरून परत येताना, गाडीत. ऑक्टोबरात आत्यांनी आपणहून फोन केला होता. "रविवारी सहाला जेवायला या. नक्की या हं, पुरणपोळी करतेय." सहाला म्हटल्यावर जेवायला साडेआठ होणार हे आम्ही गृहीत धरलं आणि वाटेत हायवेवरच्या सर्व्हिसेसला सँडविच खाऊन घेतलं. बरोबर सहाला, दिवेलागणीला, पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर चार ताटं मांडलेली, माणसं तीन. पोळ्या गार होऊन चिवट झालेल्या, एकीचाही आकार धड नाही, पुरण कडेकडेने बाहेर आलेलं. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी. आमच्या आवाजाने जाग्या झाल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या अंधाराकडे, मग आमच्याकडे. क्षणभर त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"आलात होय," म्हणाल्या. "बसा. गरम करते."

आम्ही एकेक पोळी खाल्ली आणि पोट भरलं म्हणून सांगितलं, जे खरंच होतं. परतताना मी लिहिलं, 'स्वयंपाक करून विसरल्या. तीन माणसांना चार ताटं. पोळ्या पूर्वीसारख्या जमत नाहीत.' रंग कुठला द्यायचा यावर आमची वॉटफर्ड जंक्शनच्या पाटीपर्यंत चर्चा झाली. शेवटी तांबडा ठरला.

इथल्या बहुतेक केअर होम्सना झाडांची नावं असतात. कदाचित म्हाताऱ्या माणसांना पारावर बसल्यासारखं वाटावं असा हेतू असेल. ब्रॅकनेलजवळ आम्ही अशीच एक बघितली. स्वच्छ जागा, कॉरिडॉरला फिनेलचा वास, प्रत्येक दारावर आत राहणाऱ्या माणसाचा तरुणपणीचा फोटो. बागेच्या बाजूची एक खोली रिकामी होती आणि मॅनेजरबाई ती शुक्रवारपर्यंत आमच्यासाठी राखून ठेवणार होत्या. पडदे मीच निवडले. बुधवारी मेमरी क्लिनिकमध्ये आत्यांची तपासणी होती. तिथे डॉक्टरांनी मान हलवली की आत्या शुक्रवारी खोलीत आणि लेस्टरचं घर एजंटच्या ताब्यात, असं ठरलं होतं. अर्थात आमच्यात ठरलं होतं. आत्यांना आम्ही 'रुटीन चेकअप' म्हणून सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी सातला निघून दहाच्या आत त्यांच्या घरी पोचलो. झोई येऊन गेलेली होती. आत्या कोट घालून तयार बसल्या होत्या. निघता निघता अजयने स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ पुन्हा एकदा सरळ केलं. आत्या खालून शांतपणे बघत होत्या.

क्लिनिकमध्ये गेल्या गेल्या नर्स आत्यांना वजन आणि ब्लडप्रेशर घ्यायला आत घेऊन गेली. अजय बाहेर पार्किंगच्या मशीनशी भांडत होता. मी शीटचा प्रिंटआउट मांडीवर घेऊन बसले. सहा पानं, रंगीत, शेवटी फ्रिजवरच्या कागदाचा फोटो. शेजारी एक गुजराती आजोबा होते, डोक्याला लोकरीची टोपी. बायकोला तपासायला आणलं होतं. मोहनभाई त्यांचं नाव, मी न विचारताच त्यांनी सांगितलं. त्यांनी न लाजता माझ्या मांडीवरच्या कागदात डोकावलं.

"हे काय आहे, बेन?" त्यांनी गुजराती वळणाच्या हिंदीत विचारलं. "मंत्र आहे?"

"नाही हो. आमच्या आत्या आजारी आहेत. काहीतरी निरर्थक लिहितात."

"वाचा बघू. माझा चष्मा घरी राहिला."

मी वाचलं. अल्फाजिरी. असुबुही. म्चाना. तिसऱ्या शब्दालाच पलीकडे इतका वेळ गप्प बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर केली आणि शाळेतल्या मुलीसारखं सुरात म्हणाली, "अलासिरी, जिओनी, उसिकू!" मोहनभाई मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"अरे, ही तर स्वाहिली! आम्ही केनियाचे, किसुमूचे. पहाट, सकाळ, दुपार, तिसरा प्रहर, संध्याकाळ, रात्र. निरर्थक काय त्यात? गोळ्या केव्हा घ्यायच्या ते लिहिलंय तुमच्या आत्यांनी."

बेलग्रेव्ह रोडवरच्या कुठल्याही गुजराती दुकानात तो फोटो दाखवला असता तरी गल्ल्यावरच्या, आफ्रिकेतून आलेल्या आजीबाईंनी हे सांगितलं असतं. आम्ही त्या रस्त्यावरून दर खेपेला फाफडा घेऊन यायचो.

"पण त्या वेळही चुकीची सांगतात," मी म्हणाले. माघार घ्यायची सवय नाही. "सकाळी नऊला तीन वाजले म्हणतात."

"साआ ताटू असुबुही," मोहनभाई म्हणाले. "सकाळचे तीन. बरोबर आहे की. सूर्य उगवला की मोजायला सुरुवात करायची. सात वाजले म्हणजे दिवसाचा एक तास झाला, म्हणून एक. आठ म्हणजे दोन. दुपारचे बारा म्हणजे सहा. तिकडे सूर्य बारा महिने सहालाच उगवतो, त्याला काय इथल्यासारखी सुट्टी नसते. तुम्ही इंग्रज लोक मध्यरात्री, सगळं जग घोरत असताना नवा दिवस सुरू करता. हे कुठलं शहाणपण?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणीतरी इंग्रज म्हणालं होतं. पासपोर्टसाठी आम्ही किती वर्षं धडपडतोय आणि ही मान्यता मिळाली ती अशी.

मी शीट उघडली. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. नऊला तीन. पाचला अकरा. घड्याळ सहा तास मागे, पुन्हा सहा तास, नवं घड्याळ तेही सहा तास. विसराळू माणूस कधी दोन तास चुकेल, कधी दहा. प्रत्येक वेळी मोजून सहा तास कोणी चुकत नाही. ऑफिसात कोणा नवशिक्या टेस्टरने असा रिपोर्ट आणला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं.

आणि मग माझं बोट सातव्या नोंदीवर आलं. सहाला जेवायला या. दुपारचे बारा म्हणजे सहा, असं मोहनभाई आत्ताच म्हणाले होते. आत्या ठेवणीतली साडी नेसून दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत त्या खुर्चीत बसल्या होत्या. न जेवता. आणि मी वॉटफर्डपर्यंत रंग निवडत होते. तिथल्या तिथे उठून कुठेतरी तोंड लपवावं असं वाटलं, पण तेवढ्यात अजय पार्किंगची पावती नाचवत आला, आत्याही आल्या आणि आमचं नाव पुकारलं गेलं. अजयने माझ्या मांडीवरून प्रिंटआउट उचलला आणि तो सगळ्यांच्या आधी आत गेला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत. सगळं इंग्रजीत चाललं, मी आपलं मराठीत सांगते. अजयने बसायच्या आधीच सहा रंगीत पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वरवर चाळली, आणि "हे नंतर" म्हणून बाजूला सारली. मग आत्यांना प्रश्न विचारले. साल कुठलं, महिना कुठला, हा मजला कितवा, शंभरातून सात वजा करत जा. आत्या खाली खाली पासष्टपर्यंत पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनीच त्यांना थांबवलं. मी मनात म्हणत होते, संपलं, सुटलो, मला काही बोलायला नको.

"घड्याळाकडे न बघता सांगा, अंदाजे किती वाजले असतील?"

आत्यांनी खिडकीबाहेर उजेड बघितला. "अकरा वाजत आले," म्हणाल्या. आणि मग सहज, गप्पा मारल्यासारखं, "माझ्या किचनमध्ये पाच."

"बघा!" अजय खुर्चीत पुढे सरकला. "हेच. हेच म्हणत होतो मी. पान दोन."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आत्यांकडे बघितलं, अजयकडे बघितलं, आणि कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. खरं सांगते, मी चार-पाच सेकंद गप्प बसले. खोली राखलेली होती. पडदे ठरले होते. दर दीड महिन्याने अडीच तास जायचं आणि अडीच तास यायचं, ते वाचणार होतं. काही बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात आम्ही दोघंही तरबेज होतो. मग मला टेबलावरची ती चार ताटं आठवली.

"पाच बरोबर आहे," मी म्हणाले. "त्यांचं बरोबर आहे. आमचं चुकलंय."

"नीना, काय बोलतेयस? आर यू ओके?" अजय मराठीत कुजबुजला.

मी सगळं सांगितलं. सूर्य, सहा तास, फ्रिजवरचा कागद, सकाळची पांढरी गोळी आणि रात्रीची गुलाबी. डॉक्टरीणबाईंनी आत्यांना विचारलं, हे असंच आहे का?

"असंच," आत्या म्हणाल्या. "झुहुरा झांझिबारची आहे. तिच्या आईचा जन्म दार-एस-सलामच्या हॉस्पिटलात, म्हणजे बहुतेक माझ्याच हातून झाला, असा हिशोब आम्ही लावलाय. मी चाळीस वर्षांत स्वाहिली बोलले नव्हते. तिच्याशी बोलायला लागले आणि सगळं वर आलं. म्हणून किचनमधलं घड्याळ आम्ही आमच्यासाठी लावलंय. बाहेरच्या खोलीतलं तुमच्यासाठी आहे. फोन किचनमध्ये आहे, त्यामुळे कधी कधी बोलताना त्यातच बघून बोलते. तेवढी चूक होते माझी."

"झुहुरा कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काल्प..." अजय म्हणाला आणि थांबला.

"माझी केअरर."

"केअरर झोई आहे ना?" अजयचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"झोई कोण रे?" आत्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी एक छापील फॉर्म काढला. तो रुग्णासाठी नसतो, रुग्णाला जवळून ओळखणाऱ्या माणसासाठी असतो. त्यांनी अजयला विचारलं, आत्या सकाळी काय खातात? त्या गेल्या आठवड्यात घराबाहेर कुठे गेल्या होत्या? तुम्ही त्यांच्याबरोबर पूर्ण दिवस शेवटचा कधी घालवला? प्रत्येक प्रश्नाला अजय माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. त्यांनी बऱ्याच चौकोनांत 'माहीत नाही'वर खूण केली. शेवटी त्यांनी सहा रंगीत पानं नीट जुळवून अजयला परत दिली आणि आत्यांच्या स्मरणशक्तीची काळजी करायचं आत्ता तरी काही कारण दिसत नाही, असं सांगितलं. कोणाच्या स्मरणशक्तीची करावी हे त्या बोलल्या नाहीत. सुशिक्षित बाई.

परत जाताना रेल्वेच्या पुलाखाली सिग्नलला गाडी थांबल्यावर मला राहवेना.

"आत्या, तो अजय घड्याळ सरळ करायचा, तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, त्याला आवड आहे. येतो, स्टूल घेतो, काटे फिरवतो. लहानपणीही घड्याळं खोलायचा. नवं आणून लावलं तेव्हा मात्र जरा नवल वाटलं."

"आणि पुरणपोळीच्या दिवशी? फोन का नाही केलात?"

"तुम्ही गाडी चालवत असाल म्हटलं. रस्त्याचं काम असतं ना नेहमी." त्यांनी मांडीवरची पर्स नीट केली. "तुम्ही आलात तेव्हा माझ्या लक्षात आलं, चूक माझीच, मी आमचे सहा सांगितले. सांगणार होते. पण तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होता. मग राहिलं. झुहुराची भेट करून द्यायची होती तुमच्याशी. पोळ्या तिनेच लाटल्या होत्या, पहिल्यांदाच. तुमच्या चारपर्यंत थांबली बिचारी, मग गेली."

मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसून मी रडले. मुकाट्याने, मोबाईलमध्ये बघतेय असं दाखवून. आत्यांनी पर्समधून टिश्यू काढून माझ्या हातात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. काही हजार रडणारी माणसं हाताळलेली बाई.

घरी पोचल्यावर अजय कोट न काढता स्वयंपाकघरात गेला. स्टूल ओढलं, घड्याळ काढलं आणि काटे सहा तास फिरवून पुन्हा टांगलं. खाली उतरून त्याने ते ठीक बसलंय का बघितलं, मग आत्यांकडे बघितलं.

"आत्या, आम्ही या रविवारी येतो. सहाला. तुझ्या सहाला."

"या की," आत्या म्हणाल्या.

संध्याकाळी ब्रॅकनेलला मी केअर होमला फोन करून खोली नको म्हणून कळवलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, काही हरकत नाही, यादीत पुढे सतरा जण आहेत. अजय शीट डिलीट करायला निघाला होता, मी करू दिली नाही. सातव्या नोंदीचा रंग पुसला आणि त्या ओळीत 'प्रसंग' या रकान्यात लिहिलं, 'सहा तास वाट पाहिली.' गांभीर्याचा रकाना मोकळा ठेवला. आमच्याकडे त्याला रंग नव्हता.

रविवारी आम्ही सकाळी साडेआठला निघालो. रस्त्याचं काम होतं, तरीही. सर्व्हिसेसला थांबलो नाही. अजयने वाटेत तीन वेळा मला विचारलं, "स्वाहिलीत करिबू म्हणजे वेलकमच ना?" झुहुरासाठी आम्ही फुलं घेतली होती. गल्लीत गाडी लावली तेव्हा बाराला पाच कमी होते. आम्ही गाडीतच बसून राहिलो, दोघंही घड्याळाकडे बघत, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला बेल वाजवली.

दार उघडलं ते साधारण पस्तिशीच्या, फुलाफुलांची ओढणी डोक्याला बांधलेल्या एका बाईने. हात पिठाने भरलेले. रविवार होता, तिची ड्यूटी नव्हती.

"नीना," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "अजय. मी झुहुरा." तिला आमची नावं माहीत होती. अजय काय म्हणणार होता ते विसरला आणि त्याने फुलं पुढे केली.

स्वयंपाकघरात आत्या टेबलाशी बसल्या होत्या. भिंतीवर सहा वाजले होते. टेबलावर भात होता, आमटी होती, नारळात शिजवलेली कसली तरी पालेभाजी होती आणि दोन ताटं होती. एका ताटातला भात थोडा खाल्लेला होता.

"अगंबाई," आत्या म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तेच मला सहन होईना. "खरंच आलात की! झुहुरा म्हणत होती चार मांडू. मी म्हटलं, कशाला, आले की मांडू."

त्या उठायला लागल्या. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, आत्या, तुम्ही जेवा, मी घेते म्हटलं, आणि ओट्यापाशी गेले. वर चार कपाटं होती, खाली तीन. आठ वर्षं मी त्या घरात येत होते. ताटं कुठल्या कपाटात असतात ते मला माहीत नव्हतं. झुहुराने दाखवलं.